प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतोय? फोन लावण्याआधी त्याच्याकडून एक कागद काढून घ्या

जूनमध्ये ॲडमिशनचे दिवस आले की जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या दाराची बेल जरा जास्तच वाजते. मी घरूनच टॉवेल-चादरवाल्यांची जीएसटीची कामं करते. रोज बरीच पानं छापून निघतात, म्हणून बिल्डिंगनं परस्पर ठरवून टाकलंय की हिला प्रिंटरमधलं कळतं. “काकू, प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय की ओ. कालपर्यंत चांगला चालू होता.” हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी चपला घालता घालता एवढंच विचारते, “रात्री लाइट गेलेली का?”

बहुतेक वेळा गेलेली असते.

ज्यांनी नुकताच घरी वायफायचा प्रिंटर घेतलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. आधी एक गैरसमज काढून टाकू. प्रिंटर वायफायवर चालतो म्हणून त्याला इंटरनेट लागतं असं नाही. लॅपटॉपवर ‘प्रिंट’ दाबलं की फाइल राउटरकडे जाते आणि राउटर ती प्रिंटरकडे पोचवतो. सगळा व्यवहार घरातल्या घरात. बाहेरची केबल तुटलेली असो की रिचार्ज संपलेलं असो, राउटर चालू असला की पान निघायला हवं. (मोबाइल ॲपमधून कंपनीच्या सर्व्हरमार्गे छापत असाल तर गोष्ट वेगळी.) म्हणून ‘नेट तर चालतंय, मग प्रिंटर का नाही?’ या प्रश्नातून काही हाती लागत नाही. बघायचं ते एवढंच: लॅपटॉप राउटरला जोडलेला आहे का, प्रिंटर राउटरला जोडलेला आहे का, आणि दोघांचा राउटर एकच आहे ना.

पहिलं काम: बंद-चालू, पण क्रमानं

लाइट येते तेव्हा घरातलं सगळं एकदम चालू होतं. प्रिंटर अर्ध्याएक मिनिटात तयार होतो, राउटरला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात प्रिंटर वायफाय शोधतो, सापडत नाही, आणि काही मॉडेलं कंटाळून शोधणंच सोडून देतात.

दुसरी भानगड पत्त्याची. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक नंबर देतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. अक्कलकोटच्या भक्तनिवासात उतरलात तर प्रत्येक वेळी तीच खोली मिळेल असं थोडंच आहे? तसंच इथंही. काल प्रिंटरला ५ नंबर होता, लाइट गेली-आली, आज ८ मिळाला. लॅपटॉप मात्र अजून ५ नंबरचं दार वाजवत बसलेला, आणि आतून कोणी ओ देत नाही म्हणून स्क्रीनवर ‘ऑफलाइन’.

तर राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद करा. आधी राउटर चालू करा आणि त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबा. मग प्रिंटर. त्याचा वायफायचा दिवा बहुतेक मॉडेलांत लुकलुकत असला तर शोध चालू आहे, स्थिर झाला तर जोडला गेला. सगळ्यात शेवटी लॅपटॉप, आणि तोही ‘रीस्टार्ट’ करा, ‘शट डाउन’ नको. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलं तर शट डाउन केल्यावरही आतलं बरंच काही जसंच्या तसं जपून ठेवलेलं असतं, बिघाडासकट.

प्रिंटर बंद करताना त्याच्या अंगावरचं बटण दाबा, भिंतीवरचा स्विच नको. इंकजेटचा, म्हणजे शाई फवारून छापणाऱ्या प्रिंटरचा, हेड बटणानं बंद केल्यावर आपल्या जागेवर जाऊन झाकला जातो. मधेच वीज तोडली तर तो उघडा राहू शकतो आणि शाई वाळते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो तेव्हा हे लवकर कळतं.

दुसरं काम: तो कागद

एवढ्यानं जमलं नाही तरी लगेच फोन लावू नका, यूट्यूबही उघडू नका. प्रिंटरकडूनच एक कागद काढून घ्या. स्क्रीन असलेल्या मॉडेलमध्ये सेटिंग्जमधून नेटवर्कमध्ये गेलात की ‘नेटवर्क कॉन्फिगरेशन’, ‘नेटवर्क स्टेटस शीट’ किंवा ‘वायरलेस टेस्ट रिपोर्ट’ अशा नावाचं काहीतरी छापायची सोय असते. स्क्रीन नसेल तर एखादं बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं. कोणतं, ते माहितीपुस्तिकेत असतं. लॅपटॉप जोडलेला नसतानाही हे पान निघतं, आणि तिथंच निम्मं कोडं सुटतं: पान स्वच्छ निघालं म्हणजे शाई, हेड, रोलर ठीक. दुखणं जोडणीत आहे.

कागदावर इंग्रजीची गर्दी असेल. घाबरू नका, पेन घेऊन तीनच ओळींना गोल करा.

एसएसआयडी, म्हणजे वायफायचं नाव. प्रिंटर कोणत्या वायफायला जोडलाय ते इथं दिसतं, आणि इथंच सगळ्यात जास्त चोर सापडतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावर नवं फायबर कनेक्शन आलं, नवा राउटर, नवं नाव, नवा पासवर्ड. मोबाइल, टीव्ही सगळ्यांत पासवर्ड टाकला आणि प्रिंटरला विसरले. तो बिचारा आठवडाभर जुन्या राउटरला हाका मारत होता, आणि तो राउटर कधीच माळ्यावर गेला होता. यावर एक सोपी युक्ती आहे: नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. बहुतेक यंत्रं आपणहून जोडली जातात.

आयपी ॲड्रेस. १९२.१६८ नं सुरू होत असेल तर राउटरनं पत्ता दिलाय, काळजी नाही. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळाला नाही आणि प्रिंटरनं स्वतःच एक ठोकून दिलाय. सगळी शून्यं असतील तर जोडणीच नाही.

मॅक ॲड्रेस. जोडी-जोडीनं लिहिलेली बारा अक्षर-अंकांची ओळ. ही त्या यंत्राची कायमची ओळख, नंतर लागेल.

तिसरं काम: दुखणं कोणाचं?

आता लॅपटॉपवर ब्राउझर उघडा आणि वर, जिथं वेबसाइटचं नाव टाकतो तिथं, कागदावरचा आयपी ॲड्रेस टाका. एंटर. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, शाईची पातळी वगैरे दाखवणारं, तर राउटर आणि प्रिंटर दोघंही निर्दोष. दुखणं लॅपटॉपच्या आत आहे. उघडलं नाही तर वायफायकडे बघायचं. (ब्राउझर ‘हे सुरक्षित नाही’ असं बजावेल. घरातलंच यंत्र आहे, पत्ता कागदावरचाच टाकलाय याची खात्री करून पुढं जा.)

माझं स्पष्ट मत आहे की एवढी एक गोष्ट शिकलात तरी पुरे. लोक दोन दोन दिवस ड्रायव्हर (लॅपटॉपला प्रिंटरशी बोलता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) काढतात-टाकतात आणि दोष असतो राउटरचा, किंवा नेमकं उलटं.

वायफायकडे बोट गेलं असेल तर हे बघा. घरगुती प्रिंटरांपैकी बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात, ५ त्यांना दिसतच नाही. राउटरवर दोन्हींची वेगळी नावं असतील तर प्रिंटरला २.४ चं द्या. मोबाइल ५ वर राहिला तरी चालतो, राउटर एकच असला की झालं. मात्र कोणी ‘गेस्ट’ वायफायवर असेल तर नाही चालणार. पाहुण्यांचं वायफाय घरातली यंत्रं एकमेकांना दिसू नयेत म्हणूनच असतं. नव्या राउटरवर सुरक्षा फक्त ‘डब्ल्यूपीए३’ वर ठेवलेली असेल तर जुने प्रिंटर अडतात, ती ‘डब्ल्यूपीए२’ किंवा मिश्र करा. लॅपटॉपवर व्हीपीएन (सगळी ये-जा बाहेरच्या सर्व्हरमार्गे वळवणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर बंद करून बघा. आणि प्रिंटर आतल्या खोलीत लोखंडी कपाटामागं ठेवला असेल तर त्याला बाहेर काढा, दुसरं काय.

दोष लॅपटॉपमध्ये असेल तर बहुधा तीनपैकी एक.

पहिला, चुकीचा प्रिंटर निवडलेला. ‘प्रिंट’ दाबल्यावर फाइल कुठं सेव्ह करू असं विचारतोय? मग तुम्ही पीडीएफ बनवणारा प्रिंटर निवडलाय. विंडोज शेवटी वापरलेला प्रिंटर आपणहून ‘डिफॉल्ट’ करतं. सेटिंग्जमध्ये ते बंद करता येतं.

दुसरा, रांग तुंबलेली. एक बिघडलेली फाइल पुढं अडकून बसते आणि मागच्या सगळ्या थांबतात, साखर कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर थांबतात तशा. ती काढायला गेलात तर ‘डिलीटिंग’ असं लिहून तशीच राहते. मग विंडोजच्या सर्चमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडा, यादीत ‘प्रिंट स्पूलर’ सापडेल, त्यावर राइट क्लिक करून ‘स्टॉप’. आता सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरमध्ये जा. परवानगी विचारेल, द्या. आत जे असेल ते पुसून टाका. फोल्डर नाही पुसायचा, फक्त आतलं. परत ‘प्रिंट स्पूलर’वर येऊन ‘स्टार्ट’. हे पहिल्यांदा करताना माझे हात थरथरत होते हे कबूल करते. सिस्टम३२ मध्ये शिरायचं म्हणजे देवघरात चपला घालून गेल्यासारखं वाटतं. सांगितलं तेवढंच केलंत तर काही होत नाही.

तिसरा, लॅपटॉपकडं जुना पत्ता. यादीत एकाच प्रिंटरची दोन-तीन नावं दिसतात, शेवटी ‘कॉपी १’ वगैरे. सगळी काढून टाका, नव्यानं जोडताना आपणहून शोधायला न लावता ‘आयपी ॲड्रेसनं प्रिंटर जोडा’ हा पर्याय घ्या आणि कागदावरचा नंबर द्या.

पत्ता कायमचा करून टाका

राउटरच्या खाली किंवा मागं चिकटवलेल्या कागदावर त्याच्या सेटिंगच्या पानाचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. लॉगिनही तिथंच. आत ‘डीएचसीपी’ किंवा ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा आणि प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसपुढं एक आयपी ॲड्रेस लिहून सेव्ह करा. भक्तनिवासातली एक खोली कायमची आपल्या नावावर. आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यांच्याकडे हे करून दिलंय त्यांच्या बेला कमी झाल्या.

सोलापुरापुरतं आणखी एक. साखर पेठ, अक्कलकोट रोड अशा भागात, जिथं शेजारी पॉवरलूम चालतात, तिथं प्रिंटरवर सुताचा धुरळा बसतो आणि कागद ओढणारा रोलर घसरायला लागतो. प्रिंटर बंद करून, वायर काढून, धागे न सुटणारं फडकं थोडं ओलं करून रोलर पुसा. काम नसताना त्याच्यावर कापड टाका. आणि इन्व्हर्टरवर इंकजेट चालतो, पण लेझर लावू नका. आतला फ्यूजर (शाईची पूड उष्णतेनं कागदावर पक्की करणारा भाग) तापताना एकदम खूप वीज खेचतो.

आता फोन

माझ्यावर ही वेळ गेल्या वर्षी आली. वॉरंटीचा अकरावा महिना. प्रिंटरच्या वायफायच्या यादीत एकही नाव दिसेना. माझं नाही, शेजाऱ्यांचं नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट २.४ वर ठेवून पाहिला, तोही नाही. यूएसबी केबल लावली की मात्र खडाखड छापतोय. म्हणजे राउटर सुटला, शाई सुटली, ड्रायव्हर सुटला. आतला वायफायचा भागच गेला होता.

फोनला बसण्याआधी समोर हे ठेवा: बिल, प्रिंटरच्या मागचा किंवा खालचा सीरियल नंबर, नेटवर्कचा कागद, स्क्रीनवरच्या एरर कोडचा मोबाइलमध्ये काढलेला फोटो, आणि एक वही. फोन स्पीकरवर, तुम्ही प्रिंटरसमोर. वॉरंटी कार्डही वाचून ठेवा. इंक टँकच्या (टाकीत शाई ओतायच्या) प्रिंटरांना ती बऱ्याचदा ‘अमुक काळ किंवा अमुक पानं, आधी संपेल ते’ अशी असते, आणि ‘ऑनसाइट’ लिहिलं असेल तर माणूस घरी यायला हवा.

बोलणं हिंदीत झालं, मतलब असा:

“मॅडम, प्रिंटर एकदा बंद करून चालू करा.”

“केलाय. राउटर आधी, प्रिंटर नंतर. यादीत एकही वायफाय येत नाही, हॉटस्पॉटही नाही. यूएसबीनं छापतो. फॅक्टरी रीसेटही करून झालं. टेस्टचा कागद माझ्या हातात आहे, वाचून दाखवू?”

पलीकडं थोडी शांतता, की-बोर्डचा आवाज, आणि मग, “होल्ड करा, टेक्निकल टीमला देतो.”

पहिला माणूस समोरच्या यादीतले प्रश्न विचारत असतो, ते त्याचं काम आहे. त्याच्यावर ओरडून त्याची यादी लहान होत नाही. उत्तरं आधीच दिली तर होते. फोन ठेवण्यापूर्वी तक्रार क्रमांक, बोलणाऱ्याचं नाव आणि पुढं काय होणार, किती दिवसांत, हे वहीत उतरवा आणि त्याच दिवशी कंपनीच्या सपोर्टच्या ईमेलवर तेच चार ओळींत पाठवा. फोनवरचं बोलणं हवेत विरतं, ईमेल राहतो. मला चौथ्या दिवशी एसएमएस आला: आपली तक्रार सोडवली गेली आहे. घरी कोणी फिरकलेलं नाही! ईमेल होता म्हणून त्याच तक्रार क्रमांकावर उत्तर देता आलं की काहीही सोडवलेलं नाही, तक्रार परत उघडा.

नंबर कुठून घेताय तिकडं नीट लक्ष द्या. सर्चमध्ये ‘प्रिंटर कस्टमर केअर’ टाकून वर दिसेल तो नंबर लावू नका. खोटे नंबर आणि ड्रायव्हर देतो म्हणणाऱ्या खोट्या साइट पुष्कळ आहेत. नंबर वॉरंटी कार्डावरचा, खोक्यावरचा किंवा माहितीपुस्तिकेत छापलेल्या वेबसाइटवरचा. खऱ्या कंपनीचा माणूसही कधीकधी स्क्रीन शेअर करायला सांगतो, पण तेव्हाच करू द्या जेव्हा फोन तुम्ही लावलाय आणि नंबर कार्डावरचा आहे. बँकेची ॲप, पानं सगळी बंद. ओटीपी मागितला, ‘दहा रुपये भरून नोंदणी करा’ म्हणाला, की फोन कट. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा; ऑनलाइन फसवणुकीसाठीचा हा देशभरचा नंबर आहे, आणि जितका लवकर लावाल तितके पैसे वाटेत अडवता येण्याची आशा जास्त.

कंपनी दादच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीतही बोलता येतं. ते कंपनीला हुकूम देऊ शकत नाहीत, पण तक्रार वरच्या पातळीवर पोचवतात, आणि तिथं तुमची वही कामाला येते. ऑनलाइन घेतलेला प्रिंटर असेल तर विकणाऱ्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. त्याच्याही पुढं जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरात असलं तरी सोलापुरातच. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. दहा-पंधरा हजारांच्या प्रिंटरसाठी इथवर जायचं का हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला १९१५ चं नाव ईमेलमध्ये नुसतं लिहावं लागलं.

घरी येऊ म्हणणारे शेवटी आलेच नाहीत, ‘सेंटरला आणून द्या’ म्हणाले. घाई होती म्हणून मी ऐकलं आणि एक घोडचूक केली. खोकं जपून ठेवलं नव्हतं. प्रिंटर घरातल्या चादरीत गुंडाळला आणि स्कूटीवर पायाशी तिरपा उभा केला. सात रस्त्याला पोचेतो पायाला ओलं लागलं म्हणून खाली पाहिलं, तर मोराची नक्षी काळ्या शाईनं माखलेली. अस्सल सोलापुरी चादर, धुऊन धुऊन विरत नाही म्हणतात, पण तो डाग आजही आहे. टँकचा प्रिंटर नेताना टेबलावर असतो तसाच सपाट, रिक्षात मांडीवर. मॉडेलला वाहतुकीचं लॉक असेल तर ते फिरवून, टाक्यांची बुचं घट्ट बघून. देताना जॉबशीट (दुरुस्तीला घेतल्याची पावती) घ्या आणि तिच्यावर ‘यूएसबीनं छापतो, वायफाय दिसत नाही’ असं दोषाचं वर्णन लिहून घ्या, नुसतं ‘चालत नाही’ नको.

परत घेताना बहुतेक जण एक पान छापून दाखवतात आणि ते केबल लावून. आपला दोष केबलचा नव्हताच. तिथंच मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, प्रिंटर त्याला जोडायला सांगा आणि नेटवर्कचा कागद काढून घ्या, मगच सही.

मी घरी आणून लावला, आणि संध्याकाळी पुन्हा ‘ऑफलाइन’. पाच मिनिटं डोकं तापलं. मग नवा कागद जुन्याशेजारी ठेवला. बोर्ड बदलला होता, त्याबरोबर मॅक ॲड्रेसही; राउटरमध्ये खोली अजून जुन्याच्या नावावर होती. ती ओळ बदलली आणि दुसऱ्या दिवशीचे रिटर्न छापायला घेतले.